आधी सेट म्हणा, मग सर्व्हिस

आमच्या सरांनी वर्षभरात आम्हाला इंग्रजीचा एकच शब्द शिकवला, आणि तोसुद्धा संपला नाही. 'सेट'. बस्स. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या. देगलूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत इंग्रजीची जागा कधीपासून रिकामी होती आणि खेळाच्या सरांना ऊन खाण्यापलीकडे काम नव्हतं, असं हेडमास्तरांचं मत होतं. म्हणून नववीचं इंग्रजी त्यांनी खेळाच्या सरांच्या गळ्यात मारलं. गळ्यात आधीच शिट्टी होती.

ती शिट्टी सर लग्नातसुद्धा काढायचे नाहीत. अंगात पांढराशुभ्र शर्ट, इस्त्री कडक, आणि खाली निळी ट्रॅकपँट. मिशा अशा की चहा पिताना वर धराव्या लागत. शर्टाच्या खिशात, जिथं लोक देवाचा नाहीतर साहेबाचा फोटो ठेवतात, तिथं सरांनी डिक्शनरीतली पानं घडी करून ठेवलेली. आख्खी डिक्शनरी नाही, फक्त 'सेट'ची पानं. कुठल्या तरी जाड डिक्शनरीतून सरळ फाडून घेतलेली.

"पोरींनो, या शब्दाला पानंच्या पानं दिलीत साहेबलोकांनी," पहिल्याच दिवशी सर म्हणाले. "एवढा मोठा बंगला आहे हा. तुम्ही अख्खं गाव फिरत बसू नका. एका बंगल्यात शिरा, सगळ्या खोल्या बघा, मग बाहेर या."

बाहेर काही आम्ही आलो नाही.

सरांची बदली आमच्याकडं भोकरहून झाली होती. तिथं त्यांनी 'गेट', म्हणजे फाटक नव्हे, मिळणं, हा शब्द इतका लांबवला की पालक शाळेत आले, अशी बातमी होती. आम्ही खरंखोटं करायला गेलो तर सर म्हणाले, "न्हाई न्हाई, पालक आले ते खरं, पण तक्रार कुठं होती? त्यांना पुढचं ऐकायचं होतं." असा माणूस. त्याला हरवणार कोण?

शाळेच्या मागं व्हॉलीबॉलचं ग्राउंड होतं, नेटला दोन ठिकाणी सुतळी बांधलेली. इंग्रजीचा तास तिथंच. सरांचं म्हणणं, वर्गात इंग्रजी झोपतं. आणि नियम एकच होता: सर्व्हिस करणारीनं आधी 'सेट'चं एक वाक्य मोठ्यानं म्हणायचं, मग चेंडू मारायचा. वाक्य नवं पाहिजे. कालचं म्हटलं की पॉइंट समोरच्यांना. म्हटलंच नाही तरी पॉइंट समोरच्यांना.

मग काय विचारता! आम्ही दिवसभर 'सेट' हुडकत फिरायचो. कुणाच्या काकाचा पंप सेट, कुणाच्या बहिणीच्या बांगड्यांचा सेट, घड्याळ सेट केलं, केस सेट केले, कापसाच्या जिनिंग मिलच्या मागं सूर्य सेट झाला. पोलिसांनी चोरासाठी ट्रॅप सेट केला, हे वाक्य आणलं तेव्हा त्या पोरीला सगळ्यांनी टाळ्या दिल्या. एकीनं 'अपसेट' आणलं. आता हे धरायचं का नाही? सरांनी खेळ थांबवला, पानं काढली, डोळ्याजवळ धरली, आणि निकाल दिला, "नातेवाईक आहे, पण घरातला न्हाई. अर्धा पॉइंट." व्हॉलीबॉलमध्ये अर्धा पॉइंट देणारं ग्राउंड साऱ्या मुलखात आमचंच असेल.

एकदा सर वर्गात पातेलं घेऊन आले. कोमट दूध, त्यात आमच्यासमोर विरजण लावलं आणि पातेलं खिडकीत ठेवलं. "द कर्ड इज सेटिंग," म्हणाले आणि गणिताच्या सरांना वर्ग देऊन निघून गेले. दर तासाला येऊन पातेलं जरासं हलवून बघायचे, मान हलवायचे, "इज सेटिंग," आणि जायचे. शेवटच्या तासाला आले, पातेलं तिरकं केलं, आणि अशी शिट्टी फुंकली की शेजारच्या वर्गातली पोरं शाळा सुटली म्हणून दप्तर घेऊन पळाली. "हॅज सेट! हॅज सेट, पोरींनो!" मग आम्ही साखर घालून दही खाल्लं. इज आणि हॅज यांतला फरक मी पुढं कधीच विसरले नाही. विसरेन कशी, खाल्लाय तो.

दुसऱ्या वेळी त्यांनी हाच प्रकार एका नव्या घराच्या स्लॅबवर केला. सिमेंट कधी सेट होतं ते बघायला सकाळपासून शिडीवर बसले आणि घाई होऊन बोट खुपसलं. मिस्त्री तेलुगूत काय काय बोलला ते सरांनी हसत ऐकून घेतलं. त्या गच्चीवर सरांच्या बोटाचं भोक अजून आहे. घरवाले पाहुण्यांना दाखवतात.

आता माझं सांगते.

मी अडखळायचे. थोडंथोडकं नाही, चांगलं दणकून. त्यातही 'स' माझा जन्माचा दुश्मन. 'स' आला की जीभ दातांना चिकटायची, मान वाकडी व्हायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस दयेनं नाहीतर कंटाळून माझा शब्द पुरा करून टाकायचा. दुकानात साखर मागायची तर मी गूळ घेऊन यायचे. आई चिडायची नाही, गुळाचा चहा करायची. पौर्णिमेला विहारात वंदना सगळ्यांबरोबर म्हणताना मात्र माझं काही अडायचं नाही. सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज खणखणीत निघायचा. पण एकटीला उभं केलं की संपलं.

आणि अशा पोरीला वर्षभर म्हणायला शब्द कोणता, तर 'सेट'! माझं नशीबच खट्याळ.

खेळायला मात्र मी चांगली होते. चांगली कशाला, सगळ्यांत चांगली होते, आता लाजायचं काय? ग्राउंडवर चेंडू माझ्या हातात असला की मी कुणीतरी असायचे. दुसरीकडं कुठंच नव्हते. म्हणून ते ग्राउंड सुटू नये एवढीच माझी धडपड होती, आणि तिथंच सरांनी तो नियम आणून ठेवला. माझी सर्व्हिस आली की मी 'स-स-स' करत उभी, पॉइंट गेलाच म्हणून पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या. आमच्यातली सगळ्यांत उंच पोरगी, तिला आम्ही लंबूच म्हणायचो, एक दिवस वैतागून माझं वाक्य तिनंच ओरडून टाकलं.

सरांनी शिट्टी मारली. "फाऊल!"

"माझा? मी काय केलं, सर?"

"दुसरीच्या तोंडातला शब्द काढून घेतलास. घास काढून घेतल्यागत. फाऊल म्हणजे फाऊल. पॉइंट समोर."

तेव्हापासून तो नियम झाला. मला कितीही वेळ लागो, कुणी मध्ये बोलायचं नाही. पोरी मनातल्या मनात शिव्या घालत असतील, पण थांबायच्या. सरांनी मला कधी गोंजारलं नाही हं. उलट ओरडायचे, "बोल की गं! चेंडू काय म्हातारा होईस्तोवर धरतीस? आपट तो, आपटत आपटत बोल!" आणि चेंडू आपटत बोलल्यावर माझं वाक्य निघालं. अडखळत निघालं, पण निघालं. चेंडूच्या ठेक्यावर जीभ चालायला लागली. सरांना हे ठाऊक होतं का, का त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ते "मला सगळं ठाऊक असतं" असंच म्हणणार.

मग त्यांनी कळसच केला. मला कॅप्टन केलं.

आई दुसऱ्या दिवशी शाळेत. "सर, पोरगीला बोलता येत न्हाई नीट. तिला कामून कॅप्टन करायलाव? लोकं हसतील."

"बाई, बडबड करणारे कॅप्टन मी लई बघितले," सर म्हणाले. "त्यांचं लक्ष तोंडात असतं. हिचं चेंडूत आहे."

मी मात्र सरांना गाठून सांगितलं, चेंडू आपटतच सांगितलं, की मॅचमध्ये पंचांशी बोलायची वेळ आली तर मी बोलणार नाही. दुसऱ्या कुणाला कॅप्टन करा, नाहीतर मी खेळच सोडते. सर मिशीवर हात फिरवत म्हणाले, "लातूरला तर जाऊ दे. मग बघू." आणि मी मनाशी पक्कं केलं, लातूरला चारचौघांत तोंड उघडायची पाळी आली की संपलं. पुन्हा ग्राउंडवर पाय ठेवायचा नाही.

लातूरला विभागाच्या स्पर्धा होत्या. पहाटेची एसटी, उदगीरमार्गे. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला बांधून दिला होता, तो सरांनीच अर्ध्याहून जास्त खाल्ला. आम्ही दोन मॅच जिंकून फायनलला कशा गेलो ते आमचं आम्हालाच कळलं नाही. प्रत्येक सर्व्हिसला आम्ही सवयीनं वाक्य ओरडायचो. वर्षभर तसंच खेळलो होतो, वाक्याशिवाय हात वरच जायचा नाही. लोक बघायचे, हसायचे, सोडून द्यायचे.

फायनलला समोर लातूरची मोठी इंग्रजी शाळा. सगळ्यांचे बूट एकसारखे, कोचला गॉगल. पहिला सेट त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसऱ्यात आम्ही पुढं होतो आणि लंबूची सर्व्हिस आली. ती छाती भरून ओरडली, "माय ग्रँडफादर वॉशेस हिज सेट ऑफ टीथ इन द कॅनॉल!"

आमच्याकडं यात हसण्यासारखं काही नव्हतं. तिचा आजा खरोखरच कवळी कॅनॉलात धुतो. पण समोरच्या पोरींना इंग्रजी समजत होतं ना! त्यांची मागची पोरगी अशी फिसकन हसली की चेंडू तिच्या पायाशी पडला. पुढच्या सर्व्हिसला लंबूनं पातेल्यातल्या दह्याचं वाक्य काढलं, तिकडं दोघी पोट धरून खाली. पॉइंटवर पॉइंट.

गॉगलवाला कोच धावत आला. "सर, ह्या मुली मुद्दाम हसवायल्यात आमच्या पोरींना! हा खेळ आहे का तमाशा?"

पंच वर खुर्चीत बसलेले, वाळके, कडक. त्यांनी हात वर केला. "सर्व्हिस करताना तोंड बंद. बोललं की पॉइंट जाईल."

झालं! आमचं सगळं गणितच कोसळलं. तोंड मिटून लंबूनं सर्व्हिस मारली ती नेटमध्ये. दुसरीची बाहेर. तिसरीचा तर चेंडू हातातनंच निसटला. समोरच्यांनी बघता बघता गाठलं आणि पुढं गेल्या. आमचे सर बाकावरून उठले, मिशा थरथरत होत्या, तरातरा पंचांकडं निघाले.

"कोच, खाली बसा," पंच म्हणाले. "बोलायचं तर कॅप्टन बोलेल."

सर थांबले. वळून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काही तरी करतील, दुसरीला पुढं करतील, डोळ्यानं तरी खुणावतील. सर मुकाट्यानं जाऊन बाकावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. मला त्यांचा असा राग आला म्हणता! तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागातच मी चालत पंचांच्या खुर्चीखाली गेले. हातात चेंडू नव्हता, आपटायला काही नव्हतं. भोवती भरलेलं मैदान.

आणि पहिला शब्द कोणता? 'सर'.

"स... स... स..."

मान वाकडी झाली, डोळे मिटले. कुणीतरी खोकलं. मागून लंबूला राहवलं नाही, ती पुढं येऊन म्हणाली, "सर, तिला असं म्हणायचंय की..."

"फाऊल!" बाकावरून सर गरजले. स्वतःच्याच खेळाडूवर. पंच चपापून तिकडं बघायला लागले. लंबू मागं सरकली.

मग मीच बोलले. पुरं करायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. "स... सर, आम्ही त्यांना काही म्हणत नाही. आम्ही इं... इंग्रजी म्हणतो. तो आमचा तास आहे. आमच्या श... शाळेत इंग्रजी ग्राउंडवर असतं. वाक्याशिवाय आम्हाला सर्व्हिसच येत नाही. श... शिट्टीनंतर आठ सेकंद असतात, त्यात आमचं वाक्य बसतं. बोलू नये असं नि... नियमात कुठंय?"

एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असेल, कुणास ठाऊक. पंच वरून खाली वाकून ऐकत होते. त्यांनी एकदाही माझा शब्द पुरा केला नाही.

"मग ते दातांचं कामून?" त्यांनी विचारलं.

"ख... खरंच धुतो, सर, तिचा आजा. कॅनॉलात."

अख्खं मैदान हसलं. मी पण हसले. माझ्या बोलण्याला लोक हसले आणि मला मेल्यासारखं झालं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. पंचांनी तोंडावर हात धरला, जरा वेळानं काढला आणि सांगितलं, "शिट्टीनंतर आठ सेकंद. वाक्य म्हणा, पण समोरच्यांकडं बघून न्हाई. वर बघून म्हणा."

गॉगलवाला बडबडत गेला. आमच्या पोरी वर आभाळाकडं बघून ओरडायला लागल्या आणि हात पुन्हा जागेवर आले. पंप सेट आला, बांगड्या आल्या, पोलिसांचा ट्रॅप आला. एकेक करत आम्ही गाठलं. मग फिरत फिरत सर्व्हिस माझ्याकडं आली. दोन्हीकडं पॉइंट सारखे, आणि दोन पॉइंट घेतले की मॅच आमची.

शिट्टी झाली. मी चेंडू आपटला. जुनी वाक्यं सगळी डोक्यातून गेली होती. मग पहाटेची आई आठवली, म्हणून तेच ओरडले, "माय मदर सेट द अलार्म, बट शी वोक अप फर्स्ट!" अडखळले नाही असं म्हणणार नाही, 'सेट'वर चांगली दोनदा आपटले. पण आठ सेकंद संपायच्या आत हात फिरला आणि चेंडू त्यांच्या कोपऱ्यात जाऊन पडला. कुणी हललंसुद्धा नाही. दुसऱ्या सर्व्हिसला लंबूनं नेटवरून असा दणका दिला की समोरच्या दोघी एकमेकींवर आदळल्या.

जिंकलो! देगलूरच्या पोरी लातूरात येऊन लातूरला हरवून गेल्या! आम्ही एकमेकींच्या अंगावर पडून रडलो, ओरडलो. सर शिट्टी फुंकत मैदानाला गोल चक्कर मारत होते. त्या एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस, ट्रॅकपँट ढिली झालेली, एका हातानं ती धरून पळत होता.

सर आता रिटायर झाले. मी नांदेडला नोकरी करते. रोज सकाळी मोबाईलवर त्यांचा आवाज येतो. हल्ली 'रन' धरलाय. नळ रन होतो, निवडणुकीला माणूस रन होतो, साडीचा रंग रन होतो. मीही आवाजातच उत्तर देते, टाइप करत नाही. सर अजून पुरं ऐकतात आणि मग म्हणतात, "नातेवाईक आहे. अर्धा पॉइंट."

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. बक्षिसाचा कार्यक्रम होता, स्टेजवर पाहुणे होते. त्यातल्या प्रत्येकानं सकाळी उद्घाटनाला भाषण केलं होतं आणि आता पुन्हा करत होता. ढाल माझ्या हातात आली. निवेदकानं पद्धत म्हणून माईक पुढं केला, "कॅप्टन, दोन शब्द बोला." मी मान हलवून खाली उतरेन, असं त्याला वाटलं असणार. सकाळी मलाही तसंच वाटलं असतं.

मी माईक घेतला. लंबूचं नाव घेतलं, मग बाकीच्या पोरींची, एकेक. आईचं घेतलं. दह्याच्या पातेल्याचं सांगितलं. प्रत्येक नावावर अडत होते, माईकमधून 'स-स-स' मैदानभर घुमत होतं, आणि मला थांबायचंच नव्हतं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं सगळं. निवेदक घड्याळाला बोट लावून खुणा करायला लागला. मी दुसरीकडं तोंड फिरवलं. शेवटी तो हात पुढं करून माईक घ्यायलाच आला.

तेव्हा खालून सर ओरडले, "ओ साहेब! बोलू द्या पोरीला! सकाळधरनं तुम्हीच बोलायलाव!"

निवेदकानं हात मागं घेतला. मी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पुढचं वाक्य सुरू केलं.